'माझ्या मेंदूने केलं, मी नाही' म्हणणाऱ्या भावाला काय उत्तर द्यावं?

मॅडम,
मी २९ वर्षांची, नाशिकला नोकरी करते. वडील गेल्यावर त्यांच्या ग्रॅच्युइटीतले चार लाख आम्ही आईच्या नावावर मुदत ठेवीत ठेवले होते. माझ्या धाकट्या भावाने (वय २३, बीएस्सी फिजिक्स, दोन विषय राहिलेत) आई पूजेला बसलेली असताना तिच्या मोबाईलवर आलेला ओटीपी वापरून ती ठेव मोडली आणि सगळे पैसे शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये घालवले. बँकेचा मेसेजही डिलीट करून टाकला. दोन महिने व्याज जमा झालं नाही म्हणून आई बँकेत गेली, तेव्हा कळलं.

जाब विचारला तर म्हणाला, 'ताई, विश्व सुरू झालं तेव्हापासून प्रत्येक कण ठरलेल्या नियमानेच चाललाय. माझा मेंदूही कणांचाच आहे. आपल्याला कळायच्या आधीच मेंदूने निर्णय घेतलेला असतो, हे प्रयोगाने सिद्ध झालंय. मग दोष कोणाला देतेस?' राहिलेल्या विषयांचा अभ्यासही सोडलाय. पास व्हायचं असेल तर होईन, म्हणतो. आई म्हणते, नशिबात होतं, जाऊ दे. मागच्या महिन्यात मित्राने याची बाईक नेली आणि टाकीवर ओरखडा पाडून आणली, तेव्हा मात्र हा आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

मी कॉमर्सची. त्याचं चुकतंय असं वाटतं, पण खोडता येत नाही. खरं सांगायचं तर रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटतं, त्याचंच बरोबर असेल तर? मग माझा रागही खोटा आणि माझी सगळी धडपडही खोटी. त्याला काय उत्तर देऊ? आणि स्वतःला?
– एक ताई, नाशिक

प्रिय ताई,

तुमच्या घरात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. विश्वात सगळं आधीपासून ठरलेलं आहे का, हा एक. आईचे चार लाख कोणी घालवले आणि आता पुढे काय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देऊन भाऊ दुसऱ्यातून सुटू पाहतोय. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्या आधारावर सांगते की पहिल्याचं उत्तर 'हो' आलं तरी दुसरा जिथल्या तिथेच राहतो. ते कसं, हे सावकाश पाहू. सावकाश अशासाठी की तुमच्या भावाचं म्हणणं एका फटक्यात उडवून लावण्याइतकं पोकळ नाही, आणि तसं उडवायला गेलात तर तो जिंकेल.

बाईकच्या ओरखड्यापासून सुरुवात करते. तुम्ही तो ओझरता लिहिलाय, पण हा मुद्दा फार जुना आहे. 'उवासगदसाओ' या अर्धमागधीतल्या जैन आगमग्रंथाच्या सातव्या अध्ययनात सद्दालपुत्त नावाच्या कुंभाराची कथा येते. हा पोलासपूरचा, आजीविक पंथाचा. आजीविकांचा आचार्य मक्खली गोसाल हा बुद्ध आणि महावीर यांचा समकालीन. त्याचं मत असं की सगळं नियतीने ठरलेलं आहे, माणसाच्या बळाने, प्रयत्नाने, पराक्रमाने काहीही होत नाही. सद्दालपुत्त मडकी उन्हात वाळत घालत असताना महावीर त्याला विचारतात, ही होतात कशी? तो सांगतो, आधी माती असते, ती पाण्यात कालवतात, राख आणि शेण मिसळून मळतात, मग चाकावर चढवतात. म्हणजे प्रयत्नाने होतात की प्रयत्नाशिवाय? कुंभार पंथाला जागून म्हणतो, प्रयत्नाशिवाय, सगळं नियतच आहे. मग महावीर विचारतात, कोणी तुझी ही मडकी चोरली, फोडली, तुझ्या बायकोवर हात टाकला, तर काय करशील? कुंभार म्हणतो, शिव्या देईन, बांधून मारीन, जीवसुद्धा घेईन. महावीर म्हणतात, पण तुझ्या मताप्रमाणे कोणी काही केलेलंच नाही, मग मारशील कोणाला?

तुमच्या भावाच्या बाईकची टाकी म्हणजे सद्दालपुत्ताचं मडकं. हा प्रश्न त्याला जरूर विचारा. पण विचारण्याआधी हे ध्यानात घ्या की यातून त्याचं मत खोटं ठरत नाही. माणूस स्वतःच्या मताप्रमाणे वागत नाही, एवढंच ठरतं. सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरने 'सिगारेट ओढू नका' म्हटलं तर सल्ला चुकीचा होत नाही. भाऊ हुशार आहे, तो म्हणेल, 'माझं चिडणंही ठरलेलंच होतं.' आणि या उत्तरात तर्काची चूक नाही. वादात समोरच्याला विसंगतीत पकडलं की आपण जिंकलो असं वाटतं, पण हाती काय लागलं ते तपासायची सवय हवी. इथे एकच गोष्ट हाती लागते, ती मोलाची आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येते.

आता त्याच्या राहिलेल्या दोन विषयांचं बघू. 'पास व्हायचं असेल तर होईन', या तऱ्हेच्या युक्तिवादाला ग्रीक लोक आळशी युक्तिवाद म्हणत. आपल्याकडे तो 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' या ओळीत मावतो. रोमन लेखक सिसेरोच्या नियतीवरच्या ग्रंथात तो असा दिलाय: या दुखण्यातून उठायचं तुझ्या नशिबी असेल तर वैद्य बोलाव नाहीतर नको बोलावूस, तू उठशीलच. मरायचं असेल तर मरशीलच. तेव्हा वैद्य बोलावण्यात अर्थ नाही. याला उत्तर दिलं ते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या ख्रिसिपस या ग्रीक तत्त्वज्ञाने, आणि तो स्वतः सगळं ठरलेलं आहे असंच मानणारा होता. तो म्हणाला, मायलो हा पैलवान ऑलिंपियात कुस्ती खेळणार हे ठरलेलं असेल, तर त्याला तिथे जोड मिळणार हेही त्यातच आलं. 'जोड असो वा नसो, मायलो कुस्ती खेळणारच' हे बोलणं वेडगळ आहे. तसंच बरं होणं ठरलेलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्याच्यासोबत ठरलेलं असतं.

म्हणजे सगळं ठरलेलं आहे हे बिनशर्त मान्य केलं, तरी अभ्यास न करता पास होणं त्यातून निघत नाही. उलट कार्यकारणभाव जितका घट्ट मानावा तितकं अभ्यासाचं वजन वाढतं. निकाल कशामुळे तरी लागणार, आणि अभ्यास हे त्यातलं एक मोठं कारण आहे. तुमचा भाऊ नाव घेतो नियतत्ववादाचं आणि वागतो दैववादाने. प्रत्येक घटना आधीच्या घटनांमधून, नियमांप्रमाणे, अटळपणे घडते, हा नियतत्ववाद. तुम्ही काहीही करा, व्हायचं तेच होणार, हा दैववाद. पहिल्यात तुमचं करणं कारणांच्या साखळीत असतं, दुसऱ्यात ते साखळीबाहेर आणि निरुपयोगी असतं. त्याच्या फिजिक्सच्या पुस्तकांतून आधार मिळालाच तर पहिल्याला मिळेल, दुसऱ्याला अजिबात नाही.

आईच्या 'नशिबात होतं'शी मात्र वाद घालू नका. तिच्या तोंडी ते मत नाही, तो तिने स्वतःला दिलेला धीर आहे. भाऊ तिच्या त्या वाक्याच्या आड लपू लागला तर त्याला एवढंच सांगा की गीतेच्या १८ व्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजलीत. अधिष्ठान, कर्ता, करण, नाना चेष्टा, आणि दैव पाचवं. पहिली चार खोडून फक्त पाचवं ठेवायची सोय तिथेही नाही.

फिजिक्सचा विद्यार्थी आहे, तर लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचं नाव त्याला ठाऊक असणार. एका क्षणी निसर्गातली सगळी बलं आणि सगळ्या वस्तूंची स्थिती जिला कळली, आणि ते सगळं गणितात मांडण्याइतकी जी विशाल आहे, अशा बुद्धीला काहीही अनिश्चित राहणार नाही, भूत आणि भविष्य दोन्ही तिच्यासमोर असतील, असं लाप्लासने १८१४ मध्ये लिहिलं. नियतत्ववादाचं इतकं नेमकं चित्र क्वचितच कोणी काढलं असेल. पण हा उतारा ज्या निबंधात आहे तो निबंध संभाव्यतेवरचा आहे. लाप्लासचं सांगणं असं की आपण त्या बुद्धीपासून कायम अनंत अंतरावर राहणार, म्हणूनच आपल्याला संभाव्यतेचं गणित लागतं. पुढे १९६३ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेंझने हवामानाच्या समीकरणांवरून दाखवलं की नियमांत योगायोगाला जागाच नसली, तरी सुरुवातीच्या आकड्यांतल्या किंचित फरकाने पुढचं सगळं चित्र पालटतं आणि लांबचं भाकीत हाती राहत नाही. ठरलेलं असणं आणि आधी कळणं या अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा भाऊ निकालपत्रक पाहून आल्यासारखा बोलतो. ते त्याने पाहिलेलं नाही, आणि नियतत्ववाद खरा असला तरी पाहता येणार नाही. न पाहिलेल्या निकालापुढे त्याला काही ना काही करावंच लागेल. पुस्तक मिटून पडून राहणं हेही एक करणंच आहे.

कणांच्या वागण्यात योगायोगाला जागा देणाऱ्या क्वांटम सिद्धांतामुळे नियतत्ववाद खोटा ठरला, तेव्हा प्रश्नच मिटला, असं तुम्हाला कोणी सांगेल. तो आधार घेऊ नका. मेंदूतला एखादा कण निव्वळ योगायोगाने सरकला आणि त्यामुळे माझा हात हलला, तर तो मी हलवला असं म्हणणं आणखीच अवघड होईल. योगायोग म्हणजे स्वातंत्र्य नव्हे.

मग राहिला तो प्रयोग. भावाची सगळी भिस्त त्याच्यावर आहे, म्हणून इथे थोडं थांबू. मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट आणि सहकाऱ्यांनी तो १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. माणसाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे आणि सांगायचं, वाटेल तेव्हा मनगट हलवा. समोर घड्याळासारख्या तबकडीवर एक ठिपका फिरतोय, फेरी २.५६ सेकंदांची. मनगट हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता, ते नंतर सांगायचं. लोकांनी सांगितलेली इच्छेची वेळ हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीची निघाली. मेंदूतल्या विद्युत संकेताचा चढ मात्र सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच सुरू झालेला होता. 'मेंदू आधी ठरवतो, आपल्याला मागाहून कळतं' हे वाक्य इथून जगभर पसरलं.

एखाद्या प्रयोगाने काय सिद्ध झालं हे विचारण्याआधी त्यात नेमकं मोजलं काय, हे विचारावं. तो चढ एकट्यादुकट्या वेळच्या नोंदीत दिसत नाही, मेंदूच्या बाकीच्या गोंगाटात बुडून जातो. हालचालीच्या क्षणापासून मागे मोजत ४० वेळच्या नोंदी एकावर एक ठेवून सरासरी काढली की तो वर येतो. २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी त्याचा वेगळा उलगडा मांडला. मेंदूत चढउतार सततच चालू असतात. हात आत्ताच हलवायला काही कारण नसलं, की जो चढ योगायोगाने उंबरठा ओलांडेल त्या वेळी हात हलतो. मग मागे वळून सरासरी काढली तर आधीपासून निर्णय शिजत होता असा भास होतो. २०१९ मध्ये उरी माओझ, लिआद मुद्रिक आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन सेवाभावी संस्थांपैकी एक निवडायला लावली. काही वेळा त्या निवडीवर १००० डॉलरची खरी देणगी अवलंबून होती, काही वेळा निवडीने काहीच फरक पडणार नव्हता. बिनफरकाच्या निवडीआधी तो चढ दिसला, खऱ्या निर्णयाआधी जवळपास दिसलाच नाही. हा वाद संपला असं मी म्हणत नाही. पण 'प्रयोगाने सिद्ध झालंय' हे वाक्य भावाने मागे घ्यायला हवं, इतकं यावरून नक्की म्हणता येतं.

शिवाय तुमच्या भावाने मनगट हलवलेलं नव्हतं. आई पूजेला बसेपर्यंत तो थांबला. ओटीपी वाचला, टाकला, मग बँकेचा मेसेज शोधून पुसला. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात तो पुसलेला मेसेज फार बोलका आहे. आईला कळलं तर ती अडवेल हे त्याला ठाऊक होतं, आणि तिच्या अडवण्याला कारण आहे हेही ठाऊक होतं. कारणं दिसत होती, ती तोलली जात होती, आणि त्यांना बगल देण्याची योजना आखली जात होती. एखाद्याने एखादी गोष्ट 'केली' असं आपण म्हणतो, तेव्हा याहून जास्त काय म्हणत असतो? हे सगळं मेंदूत घडलं, हे खरंच आहे. दुसरीकडे कुठे घडणार होतं? 'मी नाही, माझ्या मेंदूने' या वाक्यात मेंदू जणू शेजारच्या खोलीत राहणारा कोणी वेगळा इसम आहे. भौतिकवाद, म्हणजे सगळं कणांचंच बनलेलं आहे हे मत, मानणाऱ्याला तर हे वाक्य मुळीच शोभत नाही.

इथवर मी त्याच्या बाजूचे कच्चे मुद्दे काढले. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा आणि मगच उत्तरपक्षाला हात घालावा, ही आपल्या शास्त्रचर्चेची रीत, आणि तुमच्या भावाचंही तेवढं देणं लागतं. पक्का मुद्दा तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इनवॅगन यांनी १९८३ मध्ये मांडला. नियतत्ववाद खरा असेल, तर आपली कृत्यं ही आपल्या जन्माच्या कितीतरी आधीच्या घटना आणि निसर्गाचे नियम यांचे परिणाम आहेत. जन्माआधी काय घडलं ते आपल्या हाती नव्हतं. नियम काय असावेत हेही नाही. मग त्यांचे परिणाम, म्हणजे आपलं आजचं वागणं, आपल्या हाती कसं असेल? सगळ्यांना पटेल असं उत्तर याला मिळालेलं नाही, आणि मी ते मिळाल्याचा आव आणणार नाही.

मला जवळचा वाटणारा मार्ग इंग्रज तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी १९१२ मध्ये दाखवला. आज सकाळी मी एक मैल २० मिनिटांत चालू शकले असते, पण गेले नाही. दोन मैल पाच मिनिटांत धावणं मात्र मला शक्यच नव्हतं. दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत, तरी त्यांत फरक आहे आणि तो खरा आहे. मनात आणलं असतं तर पहिली घडली असती, दुसरी कितीही मनात आणून घडली नसती. हा फरक नियतत्ववाद खरा असला तरी पुसला जात नाही. मूर यांच्या विश्लेषणात त्रुटी आहेत, जे. एल. ऑस्टिन यांनी त्या १९५६ मध्ये दाखवल्या. मनात आणणंच त्याच्या हाती नसेल तर काय, हा प्रश्नही उरतो. पण तुमच्या घरातला प्रश्न सोडवायला हा फरक पुरेसा आहे असं मला वाटतं, आणि का ते सांगते.

माणसाला दोषातून मोकळं करणारं कारण कसं असतं बघा. तापाच्या भरात केलं. कोणी सुरी लावून करवून घेतलं. ती ठेव आपल्याच नावावर आहे असा प्रामाणिक गैरसमज झाला. झोपेत चालण्याचा विकार आहे. यातलं प्रत्येक कारण त्या एका कृत्याला त्या माणसाच्या एरवीच्या कृत्यांपासून वेगळं काढतं, म्हणून ते ऐकल्यावर आपला राग निवळतो. नियतत्ववाद असं काहीच वेगळं काढत नाही. तो खरा असेल तर ठेव मोडणं जितकं ठरलेलं, तितकंच वडिलांनी नोकरीभर राबून ती रक्कम मिळवणं ठरलेलं, तुमचं जाब विचारणं ठरलेलं, आणि उद्या कोणी त्याला कमावून आणलेल्या पैशांबद्दल शाबासकी दिली तर तेही ठरलेलं. सगळ्या कृत्यांना सारखंच लागू पडणारं विधान एकाच कृत्याची सुटका करू शकत नाही. भावाला हे विचारा: 'तू म्हणतोस ते खरं आहे असं धरलं, तर त्या दिवशी तू जे केलंस त्यात आणि मी त्याच दिवशी ऑफिसात जे केलं त्यात फरक काय?' तो म्हणाला फरक काहीच नाही, तर त्याने सबब दिलेलीच नाही. तो म्हणाला फरक आहे, तर त्या फरकाबद्दल बोलायला बसता येईल, आणि तिथे विश्वाच्या सुरुवातीची गरज पडणार नाही.

आता ओरखड्याकडे परत येते. तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ च्या 'फ्रीडम अँड रिझेंटमेंट' या व्याख्यानात म्हटलं की कोणी चुकून माझ्या हातावर पाय दिला आणि कोणी मला तुच्छ लेखून दिला, तर वेदना तितकीच असते, पण दुसऱ्या वेळी एक वेगळा राग येतो. तो राग समोरच्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे याला दिलेलं उत्तर असतो. राग, कृतज्ञता, क्षमा, विश्वास, दुखावणं, हे सगळं एकाच मुळाचं आहे. कधीकधी आपण हा व्यवहार बाजूला ठेवतो. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाकडे पाहताना त्याला सांभाळायचं, उपचार करायचे, त्याच्यापासून स्वतःला जपायचं, असा विचार करतो. त्याच्यावर रुसत नाही. पण ही नजर कायमची सगळ्यांवर लावणं माणसाला जमेल असं स्ट्रॉसन यांना वाटत नव्हतं, आणि एखादा सिद्धांत वाचून तर नाहीच.

तुमचा भाऊ हीच नजर स्वतःवर लावून मागतोय, फक्त त्या चार लाखांपुरती. मित्राच्या बाबतीत तो ती लावत नाही, यावरून दिसतं की माणसांच्या व्यवहारातून बाहेर पडायची त्याची इच्छा नाही. ओरखड्याच्या प्रश्नातून हाती लागतं ते हे. आणि खरोखर बाहेर पडायचं असेल, तर त्याची किंमत त्याला कळू दे. ज्याला दोष देता येत नाही त्याच्या शब्दावर विसंबताही येत नाही. 'यापुढे असं करणार नाही' हे त्याचं वाक्य मग हवामानाच्या अंदाजाइतकंच राहील. आई त्याच्याशी सल्लामसलत करणार नाही, मोबाईल लपवून ठेवेल. तुम्ही त्याच्यावर रागावता म्हणजे त्याला अजून माणसात धरता. हे त्याला याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल.

एका बाबतीत मात्र भावाच्या मतातून काहीतरी घ्यावं असं मला वाटतं. तो जसा झाला तसा होण्यात त्याने न निवडलेलं पुष्कळ आहे. वडिलांचं जाणं, हातातला मोबाईल, पटकन पैसा मिळेल असं रोज सांगणारे व्हिडिओ. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. तुमचा भाऊ त्या मोठ्या गर्दीतला एक आहे. याचा विचार केला की 'त्याला भोगू दे, त्याची तीच लायकी' असं जे मनात येतं ते ढिलं पडतं, आणि ते ढिलं पडलेलं बरं. त्याने भरपाई करावी, हे मी मागेन. त्याला दुःख झालं म्हणजे हिशेब पुरा झाला, हे मी कधीच मानलेलं नाही.

तुमच्या रात्रींबद्दल. १८७० मध्ये विल्यम जेम्स, पुढे मोठा मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ झाला तो, २८ वर्षांचा होता आणि याच विचाराने खचलेला होता. ३० एप्रिलच्या नोंदीत त्याने लिहिलं की आपली स्वतंत्र इच्छेची पहिली कृती म्हणजे स्वतंत्र इच्छेवर विश्वास ठेवणं. हा पुरावा नाही, निश्चय आहे, आणि मी तुम्हाला तो तसाच्या तसा उचलायला सांगणार नाही. मी तुम्हाला दुसरं काही सुचवते. तुमच्याकडे दोन विधानं आहेत. 'भावाने आईला फसवलं' हे एक, आणि 'विश्वातली प्रत्येक घटना अटळ आहे, म्हणून कोणीच काही करत नाही' हे दुसरं. यातलं कुठलं तुम्हाला जास्त खात्रीने माहीत आहे? पहिल्याचा पुरावा बँकेच्या पासबुकात आहे. दुसऱ्यातला पहिला भाग अजून कोणी सिद्ध केलेला नाही, आणि 'म्हणून' या शब्दापुढचा भाग पहिल्यातून निघतो का, यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे. कमी खात्रीच्या विधानासाठी जास्त खात्रीचं विधान सोडून देऊ नये. मूर यांची सगळी विचारपद्धती याच आग्रहावर उभी होती. तुमचा राग खोटा नाही. धडपडही नाही, कारण आईचं घर आज चाललंय ते त्या धडपडीमुळे चाललंय, आणि हे नियतत्ववाद्यालाही नाकारता येणार नाही.

त्याच्याशी बोलायला बसाल तेव्हा विश्वाचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर 'असेल तसं' म्हणून पुढे जा. आधी एक गोष्ट तपासा: त्याला थांबता येतंय का? पैसे हरल्यावर ते भरून काढायला पुन्हा खेळणं, लपवणं, उसने घेणं, न खेळता अस्वस्थ होणं, हे चालू असेल तर तो जुगाराच्या व्यसनाचा प्रश्न आहे, आणि अभ्यासासकट सगळ्यातून मन उडालं असेल तर ते नैराश्यही असू शकतं. कारणं दिसूनही ज्याला त्यांप्रमाणे वागता येत नाही, त्याच्याबाबत दोष खरोखर हलका होतो. ती सबब खरी असते, आणि ती मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊन तपासता येते. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा नंबर विनाशुल्क आहे, मराठीतही बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालेल.

आईच्या खात्याला तिचा स्वतःचा, त्याला माहीत नसलेला पिन ठेवा, बँकेचे मेसेज तुमच्या मोबाईलवरही येतील अशी सोय बँकेत विचारून करून घ्या. आणि भरपाईचा कागद करा. साधी वही पुरे. चार लाख, किती वर्षांत, महिन्याला किती. तो शिकवण्या घेऊ शकतो, बारावीच्या फिजिक्सला विद्यार्थी मिळतात. हप्त्याचा आकडा तुम्ही सुचवू नका, तो त्यालाच सांगू द्या, आणि आईसमोर सांगू द्या.